ज्याला विटांचा चुरा म्हणाले तो दगड

माझ्या मालात विटांचा चुरा मिसळलेला आहे, असं तारापूरच्या एका कारखान्यातल्या केमिस्टनं रजिस्टरात लिहून ठेवलं होतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तो कारखाना पुढं बंद पडला, ते रजिस्टर वाळवीनं खाल्लं असेल, पण ते वाक्य मला अजून पाठ आहे. "नमुन्यात विटांचा चुरा असल्याचा संशय. माल परत." मला कुणी तोंडावर शिवी दिली तर मी उलट शिवी देतो आणि तिथं विषय मिटतो. लिहिलेलं तसं मिटत नाही.

माझा धंदा मँगनीजच्या दगडाचा. नागपूर-भंडाऱ्याकडच्या जमिनीत हा काळा, हाताला जड लागणारा दगड मिळतो. मी तो ट्रकनं बोईसरला आणायचो आणि तिथल्या तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या दोन-तीन कारखान्यांना द्यायचो. ते तो दळायचे, कोळशाबरोबर भाजायचे, ॲसिडात विरघळवायचे आणि त्यापासून खतात घालायची फिकट गुलाबी पूड करायचे. माझ्या वडिलांची एडवणला होडी होती, पण मच्छीमाराच्या घरात जन्मून मला बोट लागायची. दोनदा किनाऱ्यावर ओकून परत आलो तेव्हा वडील म्हणाले, "ह्याला जमिनीवरच ठेवा." म्हणून वसाहतीत हमालीला लागलो. पाच वर्षं दुसऱ्याचा दगड पाठीवरून वाहिला. ढेकूळ नुसतं उचलून त्यात किती दम आहे ते सांगता यायला लागलं, तेव्हा स्वतःचा माल आणू लागलो. मला कुणी हात धरून काही शिकवलं नाही, आणि मी कुणाचं खाल्लं नाही.

एक गोष्ट मात्र आईनं शिकवली. आई पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, जवळा कुठला?" आई कधी खरं गाव सांगायची नाही. एडवणचा असला तर दुसरंच गाव सांगायची, दुसरीकडचा असला तर एडवणचा. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "शेजारची ऐकते ना रे. उद्या ती माझ्या आधी त्याच गावात माल उचलायला जाऊन बसंल." मी दगडाच्या धंद्यात आलो तेव्हा हेच घेऊन आलो. माल कुठला, हे मी ट्रकवाल्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही, आणि ट्रकवालाही मी बदलत राहायचो.

तर तो केमिस्ट. सांगलीकडचा, माझ्याच वयाचा, हळू बोलणारा. एका सकाळी त्यानं मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि गाळणकागदावरचा ओला तांबूस गाळ दाखवला.

"शेठ, काळं सगळं ॲसिडात गेलं. हे राहिलं. वीट आहे ही."

"मी वीट कशाला घालू?"

"वजनाला."

"अहो, वीट मँगनीजपेक्षा हलकी असते. वजनाला घालायचंच तर लोखंड घालीन. एवढी अक्कल आहे मला."

भट्टीवरचा एक कामगार दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "सेठ ने नया मकान बनाया है ना साहब, बची हुई ईंट इधर डाल दी."

दोघं हसले. मी तो गाळणकागद उचलला आणि केमिस्टच्या टेबलावर, त्याच्या कागदांवर, पालथा केला. तसं करायला नको होतं, हे मला जिना उतरतानाच कळलं. पण तोवर त्यानं रजिस्टर ओढून लिहायला घेतलं होतं. आठवड्याभरात दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमन मला विचारू लागला, "शेठ, आज वीट का दगड?"

परत आलेला माल बोईसरच्या माझ्या शेडमध्ये पडला होता. मी घण घेऊन बसलो आणि एकेक ढेकूळ फोडत गेलो. बहुतेक काळीच निघाली. पण काही दगडांच्या पोटात, काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये, तांबूस तपकिरी पापुद्रे होते. पत्त्यांची गड्डी उभी लावावी तसे दाटीनं. उन्हात धरले की कडेला लालभडक दिसायचे. असलं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि तोवर माझ्या हाताखालून किती दगड गेले असतील त्याला हिशेब नाही.

एक अर्धवट फोडलेला दगड घेऊन केमिस्टकडं गेलो. त्याच्यासमोर उरलेला अर्धा फोडला.

"आता सांगा, दगडाच्या पोटात वीट कुणी घातली? मी?"

त्यानं बराच वेळ पाहिलं. "तामडा असेल, अंगठीत घालतात तो लाल खडा," तो म्हणाला. "तामडाही विरघळत नाही. माल आमच्या कामाचा नाही तो नाहीच."

"माल घेऊ नका. वीट खोडा."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही शेठ. कुणा जाणकाराचं लेखी आणा, हे काय आहे ते. त्या पानावर चिकटवतो."

एवढंच मला हवं होतं. माझा माल खरा आहे, असं लेखी. पुढं जे झालं ते सगळं ह्या एका कागदासाठी.

पालघरला एक बाई राहायच्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन आसपासच्या खडीच्या खाणींतून पांढरे स्फटिक गोळा करत हिंडायच्या. खाणीवरचे मजूर त्यांना दगडवाल्या बाई म्हणत. मी त्यांच्या ओसरीवर दगड ठेवला आणि म्हणालो, "हा तामडा आहे असं लिहून द्या."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. नखानं एक पापुद्रा सोडवला.

"तामडा नाही. तामडा खड्यासारखा फुटतो, त्याला पापुद्रे नसतात."

"मग अभ्रक लिहा."

त्यांनी पापुद्रा वाकवला. तो कट्‌कन मोडला. "अभ्रक वाकतं आणि परत सरळ होतं. हे मोडलं." मग त्यांनी चकाकी नसलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तो घासला. पिवळट रेघ उठली. बाईंनी पुन्हा एकदा घासून पाहिलं.

"काय आहे मग?"

"माहीत नाही."

शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. मला बरं वाटलं, आणि रागही आला, कारण ह्याचा कागद होत नव्हता.

बाईंनी मला समजावून सांगितलं. आपल्याकडचा काळा दगड लाव्ह्याचा आहे, हा तसा नाही. हा फार पूर्वी समुद्राच्या तळाचा गाळ होता. मग तो जमिनीखाली खोल गेला, दाबला गेला, तापला. वितळला नाही, पण आतलं सगळं बदललं, जुनी खनिजं जाऊन नवी झाली. रूपांतरित खडक.

"म्हणजे चिखल भाजला," मी म्हणालो.

"वितळू न देता भाजला."

"मग ती वीटच झाली की."

बाई मोठ्यानं हसल्या. "केमिस्टला सांगू नका हे."

मग त्यांनी वही उघडली. "शेठ, कुठला आहे हा?"

मी क्षणभरही थांबलो नाही. नागपूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या चालू खाणीचं नाव सांगितलं. तिथून बोईसरला निम्मे व्यापारी माल आणायचे, तेव्हा कुणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. बाईंनी ते शाईनं लिहिलं. खरं तर माल तिथून बऱ्याच अंतरावरचा होता. भंडारा जिल्ह्यात एक बंद पडलेली लहान खाण होती, तिच्या काठावर जुन्या लोकांनी फेकलेल्या दगडाचा ढीग होता, आणि तो उचलायचा करार मी तिथल्या मालकाशी गुपचूप केला होता. त्या ढिगात चांगला माल आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. बाई दुसऱ्या कुणाला सांगतील असं मला वाटलं होतं असंही नाही. जीभ आपोआप तशी वळली.

त्यांना अर्धा ट्रक बघायचा होता. मी एक दगड देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "एका दगडावर कोण काय लिहील?" शेवटी अर्ध्या पोत्यावर आलो. माझी अट एकच होती.

"हे जे काही निघेल, ते पहिल्यांदा कुणी पाहिलं ते छापायचं. नावानिशी."

"छापू."

"पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट."

"तुमच्या आजोबांचंही घालते शेठ, पण आधी दगड तर द्या."

ते काम वर्षभर चाललं. मी दर पंधरवड्याला पालघरला जायचो, कधी कारखान्यातून घासायची पूड घेऊन, कधी नुसता. बाई दगडाची चकती काचेला राळेनं चिकटवायच्या आणि दुसऱ्या काचेवर पूड आणि पाणी घालून ती घासत बसायच्या, तिच्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतील इतकी पातळ होईपर्यंत. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली. एकदा मला पाहू दिलं. खालची चकती फिरवली की तोच कण पिवळा दिसायचा, मग केशरी, मग गडद लाल, आणि पुन्हा पिवळा. मी तीनदा फिरवून घेतली. बाई म्हणाल्या, "पुरे शेठ, इथं तिकीट नाही म्हणून काय."

पुढं त्यांना शुद्ध कण लागले. आत कायकाय आहे हे रासायनिक रीतीनं काढायला चहाचा चमचा भरेल एवढे, आणि त्यात दुसरा एकही कण नको. दगड कुटून चाळला तर वाळूसारखं निघायचं. काळं, पांढरं, आपलं तांबूस, आणि वर खऱ्या तामड्याचे कण, तेही तांबूसच. भिंगाखाली सुईनं वेचताना बाईंचे डोळे दुखायला लागले. आठवड्यात चिमूटभर झालं नाही.

मी आईला घेऊन आलो. आईनं आयुष्यभर सुपात जवळा निवडला होता. त्यातून बारीक खेकडे, शिंपल्यांचे तुकडे आणि दुसऱ्या जातीची इवलीशी मासळी वेगळी काढायची म्हणजे हेच काम. बाईंनी पांढऱ्या बशीत कण पसरले आणि भिंग पुढं केलं. आईनं भिंग बाजूला सारलं.

"ह्याच्यातून मला काय दिसत नाय. उजेडाला बसते."

ओसरीच्या पायरीवर बसून तिनं माडाच्या झाडूची हीर मोडली, टोक जिभेला लावलं आणि कण उचलायला सुरुवात केली.

"आजी, जिभेला नका लावू," बाई घाईनं म्हणाल्या. "पाण्यात बुडवा."

"का? इखारी हाय?"

"तसं नाही, पण थुंकी आली तर हिशेब चुकतो."

"बरं बाय, पान खाऊन आलेली मी, तुमचंच खरं."

दोन्ही तांबूस कण तिनं कसे ओळखले ते मी विचारलं. म्हणाली, "तामडा सगळीकडनं सारखा दिसतो. ह्यो कुशीवर वळला की रंग पालटतो." बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिलं होतं तेच ती नुसत्या डोळ्यांनी सांगत होती. बाईंनी आत जाऊन तिच्यासाठी चहा करून आणला. आई आठ दिवस एडवणहून जाऊन-येऊन बसली आणि चमचा भरला. बाईंनी वेचलेलं तपासलं. दोनशे कणांत एक चुकीचा निघाला. आई म्हणाली, "तो तुमीच आदी वेचलेला असंल."

मुंबईच्या एका संस्थेतले एक सर बाईंच्या ओळखीचे होते. त्यांनी क्ष-किरणांनी कणांच्या आतली रचना तपासली. जगातल्या प्रत्येक खनिजाची रचना नोंदलेली असते, तिच्याशी ही ताडून पाहायची. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "कशाशीच जुळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हे अजून कुणी लिहिलेलंच नाही. नवीन आहे."

मी विचारलं, "मग माझा कागद?" त्या म्हणाल्या, कागद साधा नाही, आता मोठा होणार. एक आंतरराष्ट्रीय समिती असते. तिला सगळं पाठवायचं. रंग, रेघ, काठिण्य, आतली रचना, आतले घटक, कुठल्या खडकात, कुणाच्या शेजारी सापडलं. ती मत देते, मग नाव मिळतं, मग छापता येतं. "आणि जागा मला स्वतः पाहायला हवी. दिवाळीच्या सुट्टीत जाते."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कशाला त्रास घेता बाई, दगड तर तुमच्याकडं आहे." त्या म्हणाल्या, "दगडाला जागा नसली तर तो नुसता तुकडा असतो." आणि त्या गेल्या. मी मनात म्हटलं, मोठी खाण आहे, सगळ्या मँगनीजच्या खाणी सारख्याच, तिथंही सापडेल.

तिथं सापडलं नाही. पंधरा दिवस बाई त्या खाणीच्या तळाशी उन्हात हिंडल्या. तिथल्या मॅनेजरनं आधी चहा पाजला आणि मग मागून हसायला सुरुवात केली. परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं नाही. मीच गेलो. ओसरीवर माझं अर्धं पोतं बांधून ठेवलेलं होतं.

"सर काय म्हणतात ऐका," बाई म्हणाल्या. "तारापूरला भट्ट्या किती आहेत, असं विचारतात. हा भट्टीतला स्लॅग असेल म्हणतात. वितळून थिजलेला कचरा. माणसानं केलेली वस्तू खनिज होत नाही, समिती ती बघतही नाही."

"स्लॅग? माझ्या दगडाला स्लॅग म्हणतो तो?"

"जागा दाखवा, मी त्यांना गप्प करते. कुठला आहे दगड?"

आता ती खोटी जागा टिकणार नव्हती, हे मला दिसत होतं. दिसत होतं म्हणूनच मी सौदा करायला बसलो. "आधी माझं नाव पहिल्या पानावर घाला, मला लेखी द्या, मग जागा सांगतो."

बाईंनी हातातली वही मिटली. "म्हणजे तुम्ही जी सांगितली ती नाही. पंधरा दिवस मी काय केलं तिथं?"

"धंद्यात कुणी जागा सांगत नाही."

"मी तुमच्या धंद्यात नाही शेठ. जागा सांगा, मग नावाचं बघू."

"आता बघू? आधी छापू म्हणाला होतात."

"तेव्हा तुम्ही खरं बोलता असं मला वाटत होतं."

मी पोतं उचललं. टेबलावर वेचलेल्या कणांची काचेची कुपी होती, तीही खिशात घातली. त्या अडवतील असं वाटलं होतं, त्या उठल्याही नाहीत. स्कूटरवर पोतं पुढ्यात घेऊन मी बोईसरपर्यंत आलो आणि वाटेत मोठ्यानं त्यांच्याशी भांडत राहिलो. विटेचा स्लॅग झाला होता. मी सुरुवातीपेक्षा खाली गेलो होतो.

चार महिने मी पालघरच्या त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. कुपी घरी देवाच्या फळीवर ठेवली होती. एक दिवस आईनं ती उचलून उजेडाला धरली.

"हे दिलं नायस अजून बाईला?"

मी सगळं सांगितलं. मला वाटलं आई माझी बाजू घेईल, तिचाच तर नियम.

"जागा गिऱ्हाईकाला सांगायची नाय," आई म्हणाली. "ती गिऱ्हाईक हाय का तुझी?"

"नाय."

"शेजारची हाय? उद्या टोपली घेऊन तुझ्या ढिगावर बसणार हाय?"

"नाय."

"मग आठ दिस मी काय तुझ्या फळीवर ठेवायला येचलं?"

दुसऱ्या दिवशी मी कुपी घेऊन गेलो. माफी मागितली नाही, मला ते येत नाही. ओसरीवर उभं राहून खऱ्या खाणीची जागा सांगितली, स्टेशनपासून रस्ता कुठं वळतो त्यासकट. बाईंनी वही उघडली, जुन्या नावावर एक सरळ रेघ मारली आणि नवीन लिहिलं. म्हणाल्या, "तुम्ही बरोबर चला."

आम्ही पोचलो तर ढीग नव्हता. ह्या चार महिन्यांत मालकानं तो सगळा रस्त्याच्या खडीसाठी देऊन टाकला होता. करार गुपचूप केलेला, तेव्हा मला तक्रारीला जागा नव्हती. खड्ड्यात हिरवं पाणी भरलेलं. मी काठावर बसलो. बाईंनी चपला काढून बूट चढवले, पाण्याच्या कडेकडेनं भिंतीला हात लावत निघाल्या. मी काठावरून ओरडत होतो, "बाई, घसराल." पलीकडच्या भिंतीपाशी त्या थांबल्या आणि हातोडीचा आवाज आला. दोनदा, मग थांबून तिसऱ्यांदा.

पाण्याच्या वर वीतभर एक पट्टा होता. काळा दगड, पांढरी गारगोटी, बारीक तामडा, आणि त्यांच्या मधोमध आपले तांबूस पापुद्रे, सगळे एकाच दिशेला दाबून बसवलेले. लांबी माझ्या दोन हातांएवढी, त्यापुढं तो पाण्यात शिरत होता. मी माझ्या हयातीत दगड नेहमी ट्रकमधून ओतलेला पाहिला होता. जमिनीत तो असा ओळीनं बसलेला असतो हे पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी थरांचा कल मोजला, फोटो काढले, काय कुणाच्या शेजारी आहे ते उभ्या-उभ्या लिहिलं. मी घणानं तुकडे काढले. घण मारायचं काम त्यांनी मला करू दिलं, एवढं खरं.

सरांनी मान्य केलं. समितीनंही केलं, दीड वर्षानं. खनिजाचं नाव मी इथं लिहीत नाही, ते माझं नाही. छापलेला लेख बाईंनी मला पाठवला. इंग्रजीत होता, म्हणून केमिस्टकडंच घेऊन गेलो. त्याच्याकडून वाचून घेण्याचा हट्ट मी इतकी वर्षं धरला होता.

तो ओळींवर बोट ठेवून पहिली पानं वाचत गेला. मग मराठीत सांगितलं. खनिज नवीन आहे, निसर्गातलं आहे, रूपांतरित खडकातलं आहे. ते प्रथम बोईसरच्या एका व्यापाऱ्याकडच्या मालात लक्षात आलं. व्यापाऱ्यानं सुरुवातीला दिलेली जागा चुकीची निघाली, त्यामुळं ती तपासून दुरुस्त केली आहे.

"नाव?" मी विचारलं.

"व्यापारी, एवढंच."

त्यानं रजिस्टर काढलं. जुनं पान उघडलं, आणि बोलल्याप्रमाणं लेखाच्या पहिल्या पानाची नक्कल तिथं डिंकानं चिकटवली. माणूस शब्दाचा पक्का होता, तेही मला सहन झालं नाही. वर म्हणाला, "माल खरा निघाला शेठ. शेठ खोटे निघाले."

ह्यावेळी मी त्याच्या टेबलावर काही पालथं केलं नाही. तिथून तडक बाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, सरांची अट होती. जागा एकदा खोटी सांगितली गेली, हे लिहिलं नाही तर पुढं कुणी शंका काढेल. आणि ते लिहायचं तर त्याच ओळीत तुमचं नाव घालायला माझा हात धजला नाही. "नावासकट खोटं, की नावाशिवाय, ह्यातलं मी तुमच्यासाठी दुसरं निवडलं." मी म्हणालो, निवडायचं मला विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "हो, विचारायला हवं होतं." मला वाटलं होतं त्या भांडतील. माणूस असं कबूल करतो तेव्हा पुढं बोलायला काही राहत नाही, आणि राग मात्र तसाच राहतो.

मग त्यांनी लेखाचं शेवटचं पान दाखवलं, केमिस्टनं जे वाचलं नव्हतं. आभारांत माझ्या आईचं नाव होतं. पूर्ण, माझ्या वडिलांच्या नावासकट. शुद्ध कण हातानं वेचून दिल्याबद्दल.

मी ते पान एडवणला घेऊन गेलो. आई अंगणात बोंबील उलटे करत होती. तिला अक्षर येत नव्हतं. मी तिचं नाव बोटानं दाखवलं. तिनं हात पदराला पुसले आणि बोट त्यावरून फिरवलं.

"आनि तुझं कुठं हाय?"

मी पहिलं पान उलगडून तो शब्द दाखवला. "हा मी. व्यापारी."

"नाव नाय?"

"नाय."

तिनं जरा विचार केला आणि पुन्हा बोंबलांकडं वळली. "बरं झालं. नायतर उद्यापासून सगळे तुझ्याकडं जागा इचारत आले असते."

मला ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. तो दगड पहिल्यांदा मी पाहिला.